तांदळातले नाव

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या साताऱ्याच्या घरी एक जाडजूड पाकीट आले. त्यावर अमेरिकेचा शिक्का होता. त्याच उन्हाळ्यात माझा मामा तिकडे वारला. १९६५ च्या नव्या कायद्याने अमेरिकेचे दार भारतीयांना उघडले, त्यानंतर गेलेल्यांपैकी तो एक. त्याला मूलबाळ नव्हते. पाकिटात एका विमा कंपनीचे पत्र होते. मामाच्या आयुर्विम्याचे पैसे त्याने बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, ठेवले होते.

आईने पत्र दोनदा वाचले आणि म्हणाली, "अरे, दादाने माझं माहेरचं नाव लिहिलंय."

तेव्हा आम्हाला याचे कौतुक वाटले. अडचण किती मोठी आहे, हे नंतर कळले.

पहिला अडथळा बँकेचा. कंपनीच्या फॉर्मवर अमेरिकेतल्या खात्याचा नंबर आणि तिथल्या बँकेचा नऊ आकडी नंबर मागितला होता. आईचे खाते साताऱ्यात! तिच्या शाखेचा अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड त्या चौकटीत बसेना. दुसरा पर्याय डॉलरच्या चेकचा. बँकेतले साहेब म्हणाले, "आजी, चेक वसुलीसाठी अमेरिकेला पाठवावा लागेल. आठवडे जातील, खर्चही कापला जाईल."

मामाच्या एका स्नेह्यांनी मोठ्या मनाने सुचवले, "माझ्या खात्यात येऊ द्या, मी पाठवतो." कंपनीने नकार दिला. जिच्या नावे रक्कम, तिच्याच खात्यात ती जाणार. तेव्हा राग आला. आज वाटते, तेच बरे झाले. नाहीतर परक्याच्या खात्यातला पैसा कुणाचा, याची उत्तरे दोन देशांत देत बसलो असतो.

शेवटी साधी वाट निघाली. आम्ही कंपनीला पत्र लिहून परदेशी खात्यात रक्कम पाठवण्याचा वेगळा फॉर्म मागवला. त्यात बँकेचा स्विफ्ट कोड, शाखेचा पत्ता आणि पासबुकावर जसे आहे तसे नाव भरायचे होते. सोबत डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म, म्हणजे 'मी अमेरिकेची रहिवासी नाही' हे सांगणारा कागद. मृत्यूनंतर मिळणाऱ्या विम्याच्या मूळ रकमेवर तिकडे सहसा प्राप्तिकर नसतो. उशिराबद्दल मिळणाऱ्या व्याजावर मात्र असतो.

"पासबुकावर जसे आहे तसे" या चार शब्दांवर गाडी पुन्हा अडली. पासबुकावर सासरचे नाव, पॉलिसीवर माहेरचे. १९६४ साली लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने आईचे नवे नाव लिहिले. त्या क्षणी माहेरचे नाव संपले. त्याचा सरकारी कागद कुठेच नव्हता. अमेरिकेतल्या कारकुनाला ताटातले तांदूळ कसे दाखवणार?

शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव सापडले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, असे प्रतिज्ञापत्र केले. नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे वकिलातीची पायरी वाचली. मधल्या काळात 'आधी फी भरा, पैसे सोडवून देतो' असे सांगणारा एक फोनही आला. आईनेच तो खाली ठेवला.

नोटरीसमोर तिला दोन्ही नावांनी सही करायची होती. सासरचे नाव तिने झरझर लिहिले. दुसऱ्या नावाशी पेन थांबले. चोपन्न वर्षांत ते तिने लिहिले नव्हते. मामा मात्र फोनवर तिला शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारी. फॉर्म भरतानाही बहीण म्हटल्यावर त्याला तेच नाव आठवले असणार. त्याच्या मायेत काही उणे नव्हते, पण त्या मायेने आम्हाला आठ महिने धावायला लावले.

पैसे आले. बँकेने ते कशाचे, हे विचारून कंपनीचे पत्र ठेवून घेतले आणि परदेशातून रक्कम आल्याचा दाखला दिला. तो आईच्या कपाटात आहे, प्रतिज्ञापत्राशेजारी.

तुमचे कुणी परदेशी असेल तर आजच्या रविवारच्या फोनवर एवढेच विचारा, "वारस म्हणून माझं नाव कोणतं लिहिलंयस?" प्रश्न अवघड वाटेल. पण तो विचारायला समोर माणूस असतो, तोवरच सोपा असतो.