खुर्ची सोडावी, पण परतीची वाट राखून

एमएसडब्ल्यू किंवा पर्सोनेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम पुरा करून आपल्या घरांतील अनेक मुले-मुली कारखान्यांत, बँकांत, कंपन्यांत नोकरीला लागली. पूर्वी या खात्याला आस्थापना म्हणत, आता मनुष्यबळ विभाग किंवा नुसते एचआर म्हणतात. नाव बदलले तरी दुखणे तेच आहे. भरती, हजेरी, रजा, चौकशा आणि युनियनच्या बैठका यांत दहा-बारा वर्षे निघून जातात. वरची जागा रिकामी झाली की साहेब विचारतात, "तुम्हाला धंद्यातले काय कळते?"

हा प्रश्न जिव्हारी लागतो. परंतु रागावून त्याचे उत्तर मिळत नाही. आमच्या मते उत्तर एकच आहे. वर्ष-दोन वर्षे आपले खाते सोडून उत्पादनात, विक्रीत किंवा हिशेब खात्यात काम करून यावे.

मुळात हे काम यंत्रांच्या खडखडाटातलेच. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पण पुढे अनेकांचा कारखान्याशी संबंध फाइलीपुरता उरला. बोनसचेच उदाहरण घ्या. कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के हे आपल्याला पाठ असते. पण यंदा कंपनीला किती परवडते, हे ताळेबंद वाचता आल्याशिवाय कळत नाही. सहा महिने हिशेब खात्यात बसलेला अधिकारी वाटाघाटीत मालक आणि कामगार दोघांशीही आकड्यांनिशी बोलतो.

कोल्हापूरच्या लीना नायर यांचा प्रवास पाहा. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून त्या अभियांत्रिकी शिकल्या आणि १९९२ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या. मनुष्यबळाचे काम निवडूनही सुरुवातीच्या काळात त्या कारखान्यांत राहिल्या. तळोज्याचा कारखाना त्यांपैकीच एक. पुढे त्या युनिलिव्हरच्या मनुष्यबळ विभागाच्या जागतिक प्रमुख झाल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये शनेल या फ्रेंच कंपनीची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली.

अमेरिकेतील मेरी बारा यांची वाट उलट्या दिशेची. साचे बनविणाऱ्या कामगाराची ही मुलगी १९८० मध्ये शिकता शिकता जनरल मोटर्समध्ये लागली, इंजिनिअर झाली. कंपनी दिवाळखोरीत गेली त्या २००९ साली तिच्याकडे मनुष्यबळ विभाग आला. २०११ मध्ये ती नव्या गाड्यांच्या विकासाकडे गेली आणि २०१४ मध्ये कंपनीची मुख्याधिकारी झाली. माणसे आणि यंत्रे, दोन्ही ओळखणाऱ्याला वरची जागा परकी राहत नाही, हेच यातून दिसते.

मात्र उत्साहाच्या भरात उडी घेऊ नये. ज्यांच्या पगारावर सारे घर उभे आहे, त्यांनी तर आधी पायाखालची जमीन पाहावी. बदली किती काळासाठी, परत कोणत्या पदावर यायचे, ज्येष्ठता आणि वेतनवाढ कायम राहणार का, त्या काळातला गोपनीय अहवाल कोण लिहिणार, हे सारे लेखी घ्यावे. सरकारी नोकरीत मूळ पदावरील धारणाधिकार राहतो की नाही, हेही विचारावे. शक्यतो आपल्याच कंपनीतले दुसरे खाते निवडावे. वेतन कराराची बोलणी अर्ध्यावर असताना मात्र जाऊ नये.

घरीही आधी बोलावे. रात्रपाळी आली तर मुलांना शाळेत कोण सोडणार, आजारी आईकडे कोण पाहणार, हे पती-पत्नीने मिळून ठरवावे. घरची साथ असली की नव्या खात्यात पहिले चार महिने अडाणी ठरण्याचेही काही वाटत नाही. वयाने लहान फोरमनकडून शिकण्यात कमीपणा नाही.

आणि लेखी पत्र मिळत नसेल तर? तर थांबावे, पुन्हा मागावे. तोंडी आश्वासनावर खुर्ची सोडू नये. साहेब बदलतात, कागद राहतो.