मेंदूचा मुका मार आणि खेळाडूची अकाली निवृत्ती : चाहत्यांच्या प्रतिसादाचे स्वरूप

प्रस्तावना :

खेळाडूची निवृत्ती ही क्रीडाजीवनातील एक अटळ घटना आहे. वय वाढते, चपळाई ओसरते, धावा किंवा गोल आटतात. निरोपाचा सामना ठरतो आणि चाहते त्या निरोपासाठी मनाची तयारी करतात. मेंदूच्या आघातामुळे घ्यावी लागणारी निवृत्ती मात्र या क्रमात बसत नाही. खेळाडू तरुण असतो, शरीराने धडधाकट दिसतो, त्याचा बहराचा काळ अद्याप यावयाचा असतो. आणि एके दिवशी वैद्यकीय सल्ल्यानुसार तो खेळ सोडतो. अशा वेळी चाहत्यांच्या मनात दुःख, कृतज्ञता, संशय आणि क्वचित रागही एकाच वेळी निर्माण होतो. हा प्रतिसाद केवळ भावनिक नसून त्याचे परिणाम मैदानावरील खेळाडूच्या निर्णयापर्यंत पोहोचतात. प्रस्तुत लेखात या प्रतिसादाचे स्वरूप मुख्यतः भारतीय क्रिकेटमधील आणि काही प्रमाणात फुटबॉलमधील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कन्कशन म्हणजे काय?

डोक्याला, चेहऱ्याला, मानेला किंवा शरीराला बसलेल्या धक्क्याचा जोर मेंदूपर्यंत पोहोचून त्याच्या कार्यात जो तात्पुरता बिघाड होतो, त्याला वैद्यकशास्त्रात ‘कन्कशन’ असे म्हणतात. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके अचानक थांबले किंवा गर्रकन वळले, की मेंदू आतल्या आत हिंदकळतो आणि त्यातील नाजूक तंतूंवर ताण पडतो. पेशींमधील क्षारांचे संतुलन बिघडते, ते पूर्ववत करण्यासाठी मेंदूला अधिक ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच काळात ऊर्जेचा पुरवठा अपुरा पडतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, प्रकाश व आवाज सहन न होणे, विस्मरण, चिडचिड आणि झोपेतील बिघाड ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे आवश्यक आहे. एक, बहुसंख्य प्रसंगी रुग्णाची शुद्ध हरपत नाही. दोन, नेहमीच्या सी. टी. स्कॅनमध्ये सहसा काहीही आढळत नाही. रक्तस्राव किंवा अस्थिभंग नाही, हे त्या तपासणीतून कळते. कन्कशन नाही, हे कळत नाही. मराठीत यासाठी ‘मुका मार’ असा अत्यंत नेमका शब्द आहे. जखम दिसत नाही, रक्त येत नाही, परंतु आत मार बसलेला असतो. कन्कशन हा मेंदूचा मुका मार होय. तो दिसत नाही, म्हणूनच तो प्रेक्षकांना पटत नाही आणि अनेकदा खुद्द खेळाडूलाही पटत नाही.

ब्रिजटाऊन, १९६२ : दिसणारी जखम

डोक्यावरील आघाताने भारतीय खेळाडूची कसोटी कारकीर्द संपल्याचे सर्वांत ठळक उदाहरण नरी कॉन्ट्रॅक्टर यांचे आहे. गोध्रा येथे १९३४ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे मुंबईत स्थायिक झालेल्या या डावखुऱ्या सलामीवीराच्या नेतृत्वाखाली भारताने १९६१-६२ च्या हंगामात इंग्लंडविरुद्धची मालिका २-० अशी जिंकली. इंग्लंडवर मिळवलेला तो भारताचा पहिला मालिकाविजय होता. त्यानंतर लगेच संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. हेल्मेटची प्रथा तेव्हा नव्हती. कवटीला अस्थिभंग झाला आणि जीव वाचवण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. त्याचप्रमाणे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर या सहकाऱ्यांनीही रक्त दिले. नेतृत्वाची धुरा अवघ्या एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे आली.

कॉन्ट्रॅक्टर बरे झाले आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये परतले. तेथे ते अनेक वर्षे खेळले. कसोटी संघात मात्र त्यांना पुन्हा स्थान मिळाले नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द ३१ सामने, १६११ धावा आणि एक शतक यांवर थांबली. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, काढण्यात आली.

या घटनेवरील लोकप्रतिसाद आजही अभ्यासण्याजोगा आहे. प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या रक्तदानाची आठवण भारतीय क्रिकेटने जपली आहे; बंगालच्या क्रिकेट संघटनेने ३ फेब्रुवारी हा दिवस वॉरेल यांच्या नावाने रक्तदानासाठी राखला. कॉन्ट्रॅक्टर का खेळत नाहीत, हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. उलट खेळण्याची इच्छा त्यांची होती आणि धास्ती इतरांना होती. जखम दृश्य असली, की सहानुभूती आपोआप येते, हा या उदाहरणाचा पहिला धडा होय.

सिडनी, १९८१ : पुनरागमनाची गाथा

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबईच्या संदीप पाटील यांचे आहे. जानेवारी १९८१ मध्ये सिडनी कसोटीत ६५ धावांवर खेळत असताना लेन पॅस्को यांचा उसळता चेंडू त्यांच्या कानावर आदळला आणि ते जायबंदी होऊन परतले. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात ते पुन्हा फलंदाजीस उतरले. त्याच महिन्यात ॲडलेड येथे त्यांनी १७४ धावांची घणाघाती खेळी केली. मराठी क्रीडारसिकांच्या किमान दोन पिढ्यांनी ही कथा अभिमानाने सांगितली आहे आणि त्या खेळीचे मोल निर्विवाद आहे.

तथापि आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या प्रकाशात या कथेचा दुसरा अर्थही लावावा लागतो. कन्कशनचा संशय असलेल्या खेळाडूने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये, ही भूमिका आता सर्वमान्य आहे. ॲमस्टरडॅम येथे २०२२ मध्ये झालेल्या सहाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सहमतीपत्रानेही ती कायम ठेवली असून, त्यानंतर टप्प्याटप्प्यानेच खेळाकडे परतावे असे सुचवले आहे. १९८१ मध्ये हे ज्ञान प्रचलित नव्हते. त्यामुळे तेव्हाच्या कोणासही दोष देणे अप्रस्तुत ठरेल. परंतु ‘डोक्याला लागले तरी उभा राहिला’ ही गाथा पुढील पिढ्यांच्या मनात एक मापदंड रुजवते. जो उभा राहतो तो शूर. मग जो थांबतो तो कोण? या न उच्चारलेल्या प्रश्नाचा भार थांबणाऱ्या खेळाडूवर पडतो.

पुकोव्स्की : न दिसणारी जखम

हा भार किती असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्स्की यांच्या कारकिर्दीवरून कळते. या कथेचा एक धागा डोंबिवलीशी जुळतो. मानपाडा रस्त्याच्या याच शहरात अजिंक्य रहाणे लहानाचे मोठे झाले आणि लोकलने मुंबईला जाऊन सराव करीत कसोटी संघापर्यंत पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये सिडनीच्या ड्रमॉइन ओव्हलवर ते भारतीय संघाचे नेतृत्व करीत असताना कार्तिक त्यागी यांचा उसळता चेंडू पुकोव्स्की यांच्या हेल्मेटवर आदळला. त्यामुळे त्यांचे कसोटी पदार्पण लांबले. जानेवारी २०२१ मध्ये, रहाणे यांच्याच नेतृत्वाखालील भारतीय संघाविरुद्ध, त्यांनी सिडनी येथे पदार्पण करून ६२ धावा केल्या. तोच त्यांचा पहिला आणि अखेरचा कसोटी सामना ठरला.

पुकोव्स्की यांना मेंदूचा पहिला गंभीर मार क्रिकेटमध्ये नव्हे, तर शालेय वयात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळताना बसला होता. पुढे अशा आघातांची संख्या तेराच्या घरात गेली. मार्च २०२४ मध्ये होबार्ट येथे रायली मेरेडिथ यांचा चेंडू हेल्मेटवर बसला. एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. प्रथम श्रेणीत ३६ सामने, सात शतके आणि ४५ हून अधिक सरासरी एवढीच नोंद मागे राहिली.

फुटबॉलमध्ये रायन मेसन यांचे उदाहरण असेच बोलके आहे. जानेवारी २०१७ मध्ये चेल्सीविरुद्ध खेळताना हल सिटीच्या या मध्यरक्षकाचे डोके गॅरी केहिल यांच्या डोक्यावर आदळून कवटीला अस्थिभंग झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्यांनी खेळ सोडला. अमेरिकी फुटबॉलमध्ये ख्रिस बोरलंड यांनी २०१५ मध्ये केवळ एका हंगामानंतर, चोविसाव्या वर्षी, संभाव्य मेंदूविकाराच्या जाणिवेतून निवृत्ती पत्करली. कॉन्ट्रॅक्टर यांना चेंडूने थांबवले, मेसन यांना अस्थिभंगाने. बोरलंड स्वतः थांबले. हा शेवटचा प्रकार चाहत्यांना पचवणे सर्वांत कठीण जाते.

चाहत्यांच्या प्रतिसादाचे स्तर

हा प्रतिसाद समजून घेण्यासाठी समाजशास्त्र व मानसशास्त्रातील तीन संकल्पना उपयुक्त ठरतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये एकतर्फी जवळिकीची संकल्पना मांडली. पडद्यावरील व्यक्ती प्रेक्षकाला ओळखत नाही, परंतु प्रेक्षकाला ती घरातलीच वाटते. ‘सुनील’, ‘सचिन’, ‘अजिंक्य’ असा एकेरी उल्लेख मराठी घरांत सहज होतो, तो या जवळिकीपोटीच. म्हणून खेळाडूची निवृत्ती ही घरातली घटना वाटते.

दुसरी संकल्पना रॉबर्ट चाल्डिनी व सहकाऱ्यांच्या १९७६ च्या अभ्यासातून येते. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की विद्यार्थी विद्यापीठाची नाममुद्रा असलेले कपडे अधिक प्रमाणात घालत आणि ‘आपण जिंकलो’ असे म्हणत. हरल्यावर मात्र ‘ते हरले’ असा सूर लागे. चाहता दुसऱ्याच्या यशाच्या प्रकाशात स्वतः उजळतो. खेळाडू अकाली थांबला, की तो प्रकाशही मावळतो. ‘आणखी दहा वर्षे खेळला असता तर’ या हळहळीत खेळाडूविषयीच्या दुःखाबरोबर स्वतःच्या वंचनेचे दुःखही मिसळलेले असते.

तिसरी संकल्पना केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडलेली समाजमान्यता नसलेल्या शोकाची. खेळाडू जिवंत आहे, चालतो-बोलतो आहे. मग शोक कशाचा? अशा शोकाला विधी नसतो, सांत्वन नसते. वाट न मिळालेला शोक मग अन्य रूपे घेतो. कधी तो नियामक मंडळावरील संतापाचे रूप घेतो, कधी गोलंदाजाला दूषणे देतो आणि कधी ‘खरेच इतके लागले होते का?’ अशा संशयात उतरतो.

पुणे, २०२५ : चर्चेचा केंद्रबिंदू

३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथील भारत-इंग्लंड टी-२० सामन्यात मुंबईचे शिवम दुबे यांच्या हेल्मेटवर अखेरच्या षटकात चेंडू आदळला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०१९ पासून लागू केलेल्या कन्कशन-बदलीच्या नियमानुसार त्यांच्या जागी हर्षित राणा उतरले आणि त्यांनी तीन बळी घेतले. फलंदाजीच्या अष्टपैलू खेळाडूऐवजी वेगवान गोलंदाज ही ‘तुल्य’ बदली कशी, यावर मोठा वाद झाला. नियमाच्या दृष्टीने तो प्रश्न योग्यच होता. परंतु त्या गदारोळात दुबे यांच्या प्रकृतीचा विषय जवळजवळ बाजूला पडला. दोनच दिवसांनी ते वानखेडे मैदानावर पुन्हा खेळले. त्याच वर्षी परिषदेने कन्कशनचे निदान झालेल्या खेळाडूस किमान सात दिवसांची विश्रांती अनिवार्य केली. नियम बदलला, चाहत्यांच्या चर्चेचा केंद्रबिंदू सामन्याकडून माणसाकडे वळणे अद्याप बाकी आहे.

महाविद्यालयीन संदर्भ

या विषयाचा प्राध्यापकांशी थेट संबंध आहे. ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरील मानपाडा असो वा डोंबिवलीचा मानपाडा रस्ता, मोकळ्या मैदानांची जागा भाड्याच्या कृत्रिम गवताच्या मैदानांनी घेतली आहे. तेथे संध्याकाळी फुटबॉल व क्रिकेट खेळणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात आणि डॉक्टर बहुधा कोणीच नसतो. कबड्डीतही डोक्याला डोके लागते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हेच विद्यार्थी जिमखान्याचे प्रतिनिधी होतात आणि त्यांचे पहिले चाहते म्हणजे त्यांचे वर्गमित्र व शिक्षक. ‘काही नाही झाले, ऊठ’ हे वाक्य याच चाहत्यांकडून येते. तरुणांच्या मेंदूला सावरण्यास अनेकदा प्रौढांपेक्षा अधिक काळ लागतो आणि पहिला मार भरून येण्यापूर्वी बसलेला दुसरा मार क्वचित प्राणघातकही ठरतो. अशा विद्यार्थ्याला वर्गात लक्ष लागत नाही, वाचताना डोके दुखते. शिक्षकाला तो आळस वाटण्याचा संभव असतो. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूस त्या दिवशी मैदानाबाहेर ठेवणे, पालकांना कळवणे, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय संघात न घेणे आणि काही दिवस लेखनकार्यात सवलत देणे, एवढ्या चार गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

निष्कर्ष :

१. मेंदूच्या आघाताबाबत चाहत्यांची सहानुभूती जखमेच्या गांभीर्यापेक्षा तिच्या दृश्यतेवर अवलंबून असते. कॉन्ट्रॅक्टर यांना जे न मागता मिळाले, ते मुका मार बसलेल्या खेळाडूला पटवून मिळवावे लागते.

२. जखमी अवस्थेतील पुनरागमनाचा गौरव हा क्रीडासंस्कृतीचा भाग असला, तरी त्यातून थांबणाऱ्या खेळाडूवर अप्रत्यक्ष दडपण येते.

३. अकाली निवृत्तीने चाहत्यांना होणारे दुःख खरे आहे. त्याला शोक म्हणून मान्यता दिल्यास त्याचे संशयात व रागात रूपांतर होण्याची शक्यता कमी होते.

४. नियमांतील सुधारणा आवश्यक आहेत, परंतु पुरेशा नाहीत. मैदान सोडण्याचा निर्णय खेळाडू ज्यांच्या समोर घेतो, त्या प्रेक्षकांची दृष्टी बदलणे तितकेच महत्त्वाचे आहे.

ब्रिजटाऊनच्या रुग्णालयात वॉरेल यांनी रक्त दिले, तेव्हा समोरच्या संघाचा कर्णधार पुन्हा फलंदाजी करील की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तो जगला पाहिजे, एवढेच त्यांना ठाऊक होते. चाहत्याच्या प्रेमाची कसोटीही याहून वेगळी नाही.