पिल्लू रात्रभर रडतंय? हे करून पाहा 🐾

हिवाळा आला की आपल्या शेलूबाजारात गल्लोगल्ली गावठी कुत्र्यांची पिल्लं दिसतात. एखादं घरी आणलं की पहिल्या रात्री ते पिंजऱ्यात केकाटतं. हा हट्ट नव्हे. कालपर्यंत ते आईच्या कुशीत, भावंडांच्या उबेत झोपत होतं. आज एकटं पडलंय.

✅ 8 आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका.

✅ पिंजरा ओसरीत नको, तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा. रडलं तर जाळीतून बोटं आत घाला. वास घेऊन, नाक टेकवून ते शांत होतं.

✅ उभं राहता, वळता आणि पाय ताणता येतील एवढाच पिंजरा हवा. फार मोठा असेल, तर ते एका कोपऱ्यात घाण करतं.

✅ आत जुनी गोधडी आणि तुमचा वापरलेला सदरा. थंडीत कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा.

✅ शेवटचं जेवण झोपेच्या 3 तास आधी.

✅ 2 महिन्यांचं पिल्लू साधारण 3 तासच लघवी रोखतं. गजर लावा. मंद उजेडात बाहेर न्या. खेळ नाही, गप्पा नाहीत. लघवी झाली की शाबासकी आणि परत आत.

✅ दिवसा दार उघडं ठेवून आतच खाऊ द्या. शिक्षा म्हणून कधीही कोंडू नका.

जुलाब, उलट्या होत असतील किंवा खाणं सोडलं असेल, तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

ओरडू नका, मारू नका. थोडे दिवस तुमची झोप मोडेल, पण पिल्लाचा विश्वास जन्मभराचा जडेल. 🙏