आपलें चिनी बोलणें आपणच कसें पारखावें?

स्वतःच्या अक्षराची परीक्षा मनुष्यास करतां येते. कागद पुढें असतो व डोळ्यांस दिसतें तें नाकारतां येत नाहीं. स्वतःच्या बोलण्याची परीक्षा मात्र फार कठीण. बोलणाराच्या कानीं आपला शब्द मनांतील अर्थासह पडतो. त्यामुळें जें बोलावयाचें होतें तेंच आपण बोललों, असें त्यास प्रामाणिकपणें वाटतें. परभाषा शिकणाराची ही फसगत नेहमींचीच आहे. पण चिनी शिकणाराची ती विशेष होते. आम्ही स्वतः तींत सांपडलों. ती हकीकत आधीं सांगितली म्हणजे पुढील विवेचन वाचकांस पटेल.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त शांघाय येथें असतात. सूनबाई जवळच्याच सुचौ शहरच्या. विहीणबाईंस चिनीवांचून दुसरी भाषा येत नाहीं. त्यांच्याशीं चार शब्द बोलतां यावे म्हणून सेवानिवृत्तीनंतर आम्हीं पुण्यास एका वर्गांत दोन वर्षें चिनीचा अभ्यास केला. लेखी परीक्षेंत शंभरांपैकीं नव्वदांवर गुण पडले, आणि आपणांस चिनी येतें असा आमचा समज झाला. पुढें शांघायास गेलों असतां एके दिवशीं नातू तापानें निजला होता. मुलगा व सून कामावर गेलेलीं. चिरंजीवांनीं दूरध्वनीवरून कळविलें कीं, औषधाची पुढची मात्रा चार वाजतां द्यावयाची. आम्हांस बाहेर जाणें भाग होतें, म्हणून विहीणबाईंस तसें चिनींत सांगून आम्ही निघालों. त्यांनीं मान डोलाविली. सायंकाळीं सहा वाजतां परत येऊन पाहतों तों औषध दिलेलें नाहीं, आणि मुलाचें अंग भाजत आहे! विहीणबाई घड्याळाकडे बोट दाखवून शांतपणें म्हणाल्या, "तुम्हीं दहा वाजतां द्यायला सांगितलें होतें ना?"

औषध दिलें, रात्रीं ताप उतरला. पण आमची झोप उडाली ती उडालीच. चूक कोठें झाली? चिनींत चाराचा शब्द 'स्'नें आरंभ होतो व त्याचा सूर वरून खालीं कोसळतो. दहाचा शब्द 'ष्'नें आरंभ होतो व त्याचा सूर वर चढतो. सुचौकडील पुष्कळ लोक बोलतांना 'स' व 'ष' हा भेद पाळीत नाहींत. तेथें चार कीं दहा हें एकट्या सुरावरूनच ओळखावयाचें असतें. आणि आम्हीं मात्र मराठी माणसाच्या संवयीनें, "चार वाजतां, बरें का?" अशा आर्जवाच्या स्वरांत तो शब्द चढविला. मराठींत सूर चढला तर प्रश्न होतो किंवा विनवणी होते. चिनींत शब्दच दुसरा होतो.

ज्यानें सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविला त्याच्या हातून हें व्हावें, हें अधिक लाजिरवाणें. इंद्रास मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें हवन केलें. परंतु 'इन्द्रशत्रु' ह्या शब्दांतील उदात्ताचें स्थान चुकलें, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि जो इंद्रास मारावयाचा तो वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच हा दाखला दिला आहे. आम्हीं तो विद्यार्थ्यांस किती वेळां सांगितला असेल! पण स्वरदोष म्हणजे पुराणांतरींची गोष्ट, औषधाच्या बाटलीशीं तिचा कांहीं संबंध असेल, असें कधीं मनांत आलें नव्हतें.

त्या दिवसापासून आम्हीं लेखी गुण बाजूस ठेवून आपली परीक्षा नव्यानें आरंभिली. तिचे भाग तीन.

पहिली परीक्षा सुरांची. प्रमाण चिनींत चार सूर आहेत: उंच व सपाट, चढता, खालीं दबलेला आणि उतरता, शिवाय एक हलका, अनाघात उच्चार आहे. 'मा' पहिल्या सुरांत आई, तिसऱ्यांत घोडा, चौथ्यांत रागें भरणें. 'माइ' तिसऱ्या सुरांत विकत घेणें, चौथ्यांत विकणें. तेव्हां सूर चुकला तर गिऱ्हाइकाचा दुकानदार होतो! पण सुटे सूर घोकून भागत नाहीं, कारण नित्याचे बरेचसे शब्द दोन अक्षरांचे असतात. चार सुरांच्या जोड्या सोळा, आणि हलका उच्चार शेवटीं येणाऱ्या चार, मिळून वीस. (तिसऱ्यापुढें तिसरा आला कीं पहिला चढता होतो, 'नी हाओ' ह्या साध्या नमस्कारांतहि हा संधि आहे.) प्रत्येक जोडीचे दोन शब्द घेऊन, ते उलटसुलट क्रमानें मोबाइलमध्यें आपल्या आवाजांत मुद्रित करावे. आठ दिवस तिकडे फिरकूं नये. मग मूळ कागद न पाहतां ऐकून, कानास कोणता सूर ऐकूं येतो तेवढें लिहावें व ताडून पाहावें. तेंच एखाद्या चिनी मनुष्याकडून लिहवून घेतां आल्यास उत्तम. आमचे प्रथम चाळिसांपैकीं तेवीसच बरोबर निघाले. आणि चुका वाटेल तेथें नसून बहुतेक दुसऱ्या व तिसऱ्या सुरांच्या घोटाळ्यांत होत्या. रोग कोठें आहे हें कळलें, हाच ह्या परीक्षेचा लाभ.

व्यंजनांच्या बाबतींत मराठी शिकणारा भाग्यवान आहे; मात्र त्यानें रोमन अक्षरांस भुलूं नये. चीन सरकारनें १९५८ सालीं मान्य केलेल्या 'पिनयिन' लिपींत 'बी' लिहितात त्याचा उच्चार आपल्या 'प'जवळचा, व 'पी' लिहितात त्याचा 'फळ' शब्दांतील महाप्राण 'फ'. तसेंच 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ'. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्या जिभेवर जन्मापासून आहे. चिनींत सकारहि तीन: तालव्य, मूर्धन्य व दंत्य, म्हणजे आपले श, ष, स. षट्कोनांतील 'ष' आपण हल्लीं 'श'सारखा उच्चारतों. तो आळस येथें टाकावा लागतो.

दुसरी परीक्षा व्यवहाराची. चीनमध्यें परक्या माणसानें दोन शब्द उच्चारले कीं ऐकणारा "आपलें चिनी फार छान!" असें म्हणतो. ती त्याची शालीनता; तें गुणपत्रक नव्हे. अनोळखी दुकानदारास भाव विचारावा, वाट विचारावी, आणि मनांत मोजावें: त्यानें कितीदां "काय?" म्हटलें, आपण कितीदां बोटांचा आश्रय केला, शेवटीं मागितलेली वस्तु हातीं आली कीं नाहीं. चिनी माणूस जवळ नसल्यास मोबाइलवर बोलून चिनी अक्षरें उमटवून पाहावीं. पण पूर्ण वाक्यांत तें यंत्र संदर्भावरून आपली चूक सांवरून घेतें. म्हणून त्यास सुटे शब्द व आंकडेच सांगावे.

तिसरी परीक्षा अखंड बोलण्याची. युरोप परिषदेनें २००१ सालीं भाषाज्ञानाची सहा पायऱ्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तींत 'मला अमुक करतां येतें' अशीं विधानें आहेत, आणि संवाद करणें व एकट्यानें निवेदन करणें हीं कौशल्यें वेगळीं धरलीं आहेत. हा भेद महत्त्वाचा. पाठ केलेलें निवेदन उत्तम करणारा गृहस्थ एका अनपेक्षित प्रश्नानें गप्प होतो. चिनी सरकारमान्य तोंडी परीक्षेच्या प्राथमिक पायरीचा आम्हीं पाहिलेला नमुना असा: पंधरा वाक्यें ऐकून तशींच म्हणावयाचीं, दहा प्रश्नांस तत्काळ उत्तरें द्यावयाचीं, आणि दोन विषयांवर थोडें बोलावयाचें. घरींहि असें करतां येतें. नातवंडांनीं चिठ्ठी काढावी, आजोबांनीं दोन मिनिटें बोलावें; कोठें अडलें तें त्यांनींच टिपावें.

ह्या तिन्हींत उणे पडल्यास खिन्न होऊं नये. इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांस चिनी कामापुरतें चांगलें येण्यास सुमारें २,२०० तासिका लागतात, असें अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याची भाषाशाळा धरते. आमच्या दोन वर्षांच्या वर्गाच्या तासिका दोनशेंच्या आंत होत्या! ह्या हिशेबापुढें आमचे नव्वद गुण ते काय? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, ती भाषा शिकले, आणि १९४२ सालीं तेथेंच निवर्तले. रोग्यास "कोठें दुखतें?" हें विचारून त्याचें उत्तर बिनचूक समजणें, ह्याहून मोठी परीक्षा कोणती असणार?

आमची प्रगति हळूहळू होत आहे. परवांच्या चाळिसांपैकीं चौतीस सूर बरोबर आले. तोंवर आम्हीं घरापुरता एक नियम केला आहे. विहीणबाईंस वेळ, पैसा किंवा औषध यांविषयीं कांहीं सांगितलें कीं, तें त्यांनीं आम्हांस उलट सांगावें, आणि त्यांनीं सांगितलेलें आम्हीं. प्रथम आम्हांस ह्यांत कमीपणा वाटला. पण त्या हंसून म्हणाल्या कीं, त्यांनाहि आमचें बोलणें पुन्हां विचारण्याचा संकोच वाटे, म्हणूनच त्या दिवशीं त्यांनीं नुसती मान डोलाविली.