आठ बिटांच्या कॅसेटचा संग्रह

व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये फीत नसते. प्लास्टिकच्या कवचात छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर रॉम चिप, एवढेच असते. बोर्डाच्या कडेला तांब्याच्या पट्ट्या असतात. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या कॅसेटला त्या ६०, तर त्याच यंत्राच्या अमेरिकी आवृत्तीच्या कॅसेटला ७२ असतात. भारतातल्या बहुतेक जुन्या कॅसेट ६० पट्ट्यांच्या आहेत, कारण इथे घरोघर पोहोचली ती फॅमिकॉमची नक्कल. लिटल मास्टरसारखी यंत्रे तीच.

अस्सल यंत्र परवडणारे नव्हते. १९९५मध्ये सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. परभणी, सेलू, गंगाखेडच्या नोकरदार घराला ती झेपणारी नव्हती. त्यामुळे मराठवाड्यातल्या संग्राहकाने नकली कॅसेटकडे कमअस्सल म्हणून पाहू नये. इथल्या मुलांच्या खेळाचा खरा इतिहास तिच्यातच साठला आहे.

लेबलावर मात्र विसंबता येत नाही. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ असतात. तेच खेळ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून यादी लांबवलेली असते. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ मावत, कारण जुने खेळ फार लहान होते. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा. ‘कॉन्ट्रा’ या खेळाची नक्कल कुठल्या आवृत्तीवरून उतरवली, हेही ओळखता येते. दोन टप्प्यांच्या मध्ये नकाशा दिसला आणि बर्फाळ टप्प्यात हिमवर्षाव झाला, तर मूळ १९८८चे जपानी. अमेरिकी आवृत्तीत ही दृश्ये नाहीत.

कवच उघडल्यावर पुढची माहिती मिळते. जुन्या बोर्डांवर पायांच्या सुट्या चिप आणि त्यांवर छापील क्रमांक असतात. नंतरच्या स्वस्त मालात चिप थेट बोर्डावर चिकटवून तिच्यावर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकलेला असतो. तो बिघडला की दुरुस्ती जवळजवळ अशक्य, म्हणून सुट्या चिपची कॅसेट जास्त मोलाची. टीव्हीला जोडायच्या कळफलकवाल्या संगणकांबरोबर टायपिंगचे धडे आणि बेसिक भाषा असलेल्या कॅसेट येत. त्यांत खेळांइतके कुणाचे मन रमले नाही, पण घरगुती संगणकाच्या इतिहासासाठी त्या आवर्जून जपाव्यात.

परभणीचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो आणि पाठोपाठ पावसाळी दमट हवा येते. पत्र्याखालच्या माळ्यावर लेबलाचा गोंद सुटतो, पट्ट्यांवर काळपट थर चढतो. कॅसेट चालेना की फुंकर मारायची सवय सगळ्यांनाच होती. पण तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या आणखी गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने त्या पुसाव्यात, पूर्ण सुकू द्याव्यात आणि कॅसेट सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात, घरातल्या खालच्या कपाटात ठेवावी.

कारखान्यात घडवतानाच माहिती कोरलेला मास्क रॉम दीर्घकाळ टिकतो. नंतर विजेने माहिती भरलेल्या ईप्रॉम चिपमधला विद्युतभार मात्र वर्षागणिक झिरपून जातो आणि खेळ पुसला जातो. असा बोर्ड हाती आला की सर्वांत आधी रीडर यंत्राने त्यातली माहिती संगणकावर उतरवावी. ती दोनदा वाचून जुळते का पाहावे, आणि कवच, लेबल व बोर्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिच्यासोबत ठेवावीत.