स्पॉट वेल्डर घ्यावा का?

मागच्या वेळी प्रश्न आला होता: जुनी प्रीमिअर पद्मिनी दुरुस्तीला काढलीय, स्पॉट वेल्डर घेऊ का? आधी गाडी बघू. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते, आणि कारखान्यात ती स्पॉट वेल्डनं जोडलेली. म्हणून मोह होतो.

पण हे यंत्र तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबून त्यांतून करंट सोडतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी टोक पोचायला हवं. दाराच्या चौकटीची कड, सिलची खालची कड सापडते चिमट्यात. पण फ्लोअरचा पत्रा सिलच्या बंद पेटीवर बसतो, तिथे आतलं टोक घालणार कुठून? आणि गंज नेमका तिथेच! तिथे वरच्या पत्र्याला 6 ते 8 मिमीचं भोक पाडून मिगनं भरावं लागतं. थोडक्यात, मिग मशीन लागतंच. एकाच गाडीसाठी आम्ही स्पॉट वेल्डर घेणार नाही. वर्षाला तीन-चार करत असाल तर गोष्ट वेगळी.

आणि मशीन कुठलंही असो, आधी त्याच जाडीचे दोन भंगार तुकडे जोडून छिन्नीनं सोलून बघा. एका तुकड्याला भोक पडून ठिपका दुसऱ्याला चिकटून आला, तर ठीक. नुसते सुटले, तर सिलला हात लावू नका.