दिलीप प्रभावळकर : चिमणराव ते बाबुली

मंडळी, ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. नायक नाही, खलनायक नाही, मग जो उरला तो चरित्र अभिनेता, असं आपलं गणित असतं. आज मी एकच नट घेणार आहे, दिलीप प्रभावळकर, आणि प्रश्नही एकच. या धंद्यात काल जे गाजलं तेच उद्या पुन्हा मागतात. मग हा माणूस पन्नासहून अधिक वर्षं वेगवेगळी कामं करत राहिला तो कसा?

सुरुवात रंगभूमीवरची. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त ते चिंची चेटकीण झाले. त्याच मतकरींच्या ‘आरण्यक’मध्ये विदुर. मुलांना घाबरवणारी चेटकीण आणि महाभारतातला शहाणा, थकलेला विदुर, दोन्ही एकाच लेखकाकडे, एकाच नटाकडून. हे लक्षात ठेवा, कारण पुढे लोक हे विसरले.

विसरले ते दूरदर्शनमुळे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ आलं. चिं. वि. जोशींचा चिमणराव हे झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तेव्हा वाहिनी एकच. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी अख्खी चाळ! अशा वेळी एक भूमिका गाजली की नटाचं नावच पुसलं जातं. प्रभावळकर सगळ्यांसाठी चिमणराव झाले. दुसरा कोणी असता तर जन्मभर भित्रा, गोंधळलेला मध्यमवर्गीय माणूसच करत बसला असता, आणि खरं सांगायचं तर पोटही भरलं असतं.

आता मला जिथे थांबायचंय तिथे येतो. जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ हे नाटक. मतिमंद मुलगा असलेलं घर. मुलगा अतुल परचुरे, आई स्वाती चिटणीस, आणि वडील प्रभावळकर. त्यानंतर १९९१ साली संजय सूरकर यांचा ‘चौकट राजा’ आला. त्यात प्रभावळकरच नंदू, म्हणजे वाढ खुंटलेल्या मनाचा मोठा माणूस, आणि आईच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. म्हणजे बघा, आधी अशा मुलाकडे बापाच्या जागेवरून बघायचं, आणि मग त्या मुलाच्याच जागी जाऊन बसायचं. नंदू बघताना हसू येतं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते. अशी भूमिका एक पाऊल जरी घसरली तरी थट्टा होते किंवा रडारड होते. मला वाटतं, नंदू सावरला तो आधी बाप करून झाल्यामुळे. हे माझं अनुमान आहे हं, पण पटतंय का बघा.

बरं, नंदू करून झाला, तर दोन वर्षांनी काय? तात्या विंचू! महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’, १९९३. पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात थोडाच वेळ. पुढे बाहुला रामदास पाध्यांचा आणि आवाज यांचा. गंमत अशी की ज्यांनी हा चेहरा कधी नीट पाहिलाच नाही अशी मुलंसुद्धा त्या आवाजाला घाबरली.

पण मघाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे नाही. कोणीतरी भूमिका देईल म्हणून चरित्र अभिनेता वाट बघत बसतो, ही त्याची खरी अडचण. प्रभावळकरांनी ती लेखणीने सोडवली. ‘हसवा फसवी’ त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या. त्यातले कृष्णराव हेरंबकर, संगीत रंगभूमीचे वयोवृद्ध कलावंत, आठवा. नाटक हसवतं, पण कृष्णराव आले की प्रेक्षागृह गप्प व्हायचं. वेषांतराचा खेळ एवढाच हेतू असता तर या भूमिकेची गरजच नव्हती. तसंच ‘अनुदिनी’ हे वर्तमानपत्रातलं सदर. त्यातून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका निघाली. टिपऱ्यांच्या घरातले आबा पुन्हा तेच. मालिका २००१ मध्ये सुरू झाली तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते, आणि लोक त्यांना खरोखरचे आजोबा समजत!

हिंदीबद्दल थोडक्यात. २००६ चा ‘लगे रहो मुन्नाभाई’. तिथले गांधी फक्त मुन्नाला दिसतात. त्यामुळे पुतळ्यातला महात्मा करून चालणार नव्हतं; शेजारी बसून बोलणारा, थोडा मिश्कील म्हातारा हवा होता. या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’साठी मिळून त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सहाय्यक’ हा शब्द मला जरा खटकतो, पण ते असो. ‘एनकाउंटर : द किलिंग’मधला त्यांचा पुनप्पा मात्र फार कमी जणांनी पाहिलाय. जरूर शोधून बघा.

२०१८ मध्ये ‘आरण्यक’ पुन्हा उभं राहिलं, आणि विदुर पुन्हा तेच. तिशीच्या आसपास केलेला म्हातारा सत्तरी ओलांडल्यावर करायचा! पहिल्यांदा वय आणावं लागलं होतं, या वेळी ते अंगावर होतंच. आणि मग २०२५ चा ‘दशावतार’. बाबुली मेस्त्री, कोकणातला वृद्ध दशावतारी नट. नजर अधू होत चाललेली, मुलगा म्हणतो आता पुरे करा, आणि याला तोंडाला रंग लावल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा प्रभावळकर एक्क्याऐंशी वर्षांचे होते, आणि या चित्रपटाचे नायक तेच होते.